विश्लेषण : मोबाइलचा पिन, विष्णूचे चार हात आणि भास्कराचार्यांची मोजणी

पारशिवनी : अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याकडे परम्युटेशन-कॉम्बिनेशनचा विषय काढा, तक्रार बहुधा एकच ऐकू येते. सूत्रं दोनच आहेत, दोन्ही पाठ आहेत. पण गणित समोर आलं की यातलं कुठलं लावायचं, तिथेच गाडी अडते. सीईटी असो की भरतीची परीक्षा, मार्क जातात ते गुणाकारात नाही, या निवडीत. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या एका गणितज्ञाने नऊशे वर्षांपूर्वी हे दोन प्रश्न एकाच पुस्तकात, पण दोन वेगळ्या ठिकाणी शिकवले होते. त्यांचं नाव भास्कराचार्य आणि पुस्तकाचं नाव ‘लीलावती’. नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आत काय आहे, हे मात्र फार कमी जणांनी पाहिलेलं असतं.

दोन प्रश्नांतला फरक काय?

पारशिवनीहून एका दिवसात फिरून यायचं आहे आणि यादीत चार ठिकाणं आहेत : नवेगाव खैरीचं धरण, रामटेकचा गड, खिंडसी तलाव आणि नगरधनचा किल्ला. वेळ कमी असेल आणि चारपैकी दोनच पाहायची असतील, तर किती पर्याय? सहा. चारही पाहायची असतील, पण कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे ठरवायचं असेल, तर किती? पहिल्या ठिकाणासाठी चार पर्याय, मग तीन, मग दोन, मग एक. 4 × 3 × 2 × 1 म्हणजे 24.

पहिल्या प्रश्नात ‘गड आणि तलाव’ काय, ‘तलाव आणि गड’ काय, एकच. दुसऱ्यात ते दोन वेगळे प्रवास आहेत आणि पेट्रोलचा खर्चही वेगळा. पहिली झाली निवड, दुसरी मांडणी. पाठ्यपुस्तक याच दोघांना कॉम्बिनेशन आणि परम्युटेशन म्हणतं.

भास्कराचार्य कोण होते?

आपल्या जन्माचं वर्ष त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवून ठेवलं आहे : शके 1036, म्हणजे इसवी सन 1114. वडिलांचं नाव महेश्वर, गोत्र शांडिल्य. महेश्वर ज्योतिषी होते आणि तेच भास्करांचे गुरू. गावाचं नाव विज्जडविड, सह्याद्रीच्या परिसरातलं. हे गाव नेमकं कुठलं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी ते कर्नाटकातल्या विजापूरशी जोडतं, कोणी खानदेशातल्या पाटणशी. पाटणच्या बाजूने एक भक्कम दगडी पुरावा आहे, त्याकडे शेवटी येऊ.

वयाच्या 36 व्या वर्षी, म्हणजे 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग : अंकगणिताची ‘लीलावती’, त्यापुढचं ‘बीजगणित’, आणि ग्रहगणित व गोलाध्याय हे खगोलाचे दोन. लीलावती हा यातला सर्वांत सोपा भाग. बेरीज-वजाबाकीपासून सुरू होऊन व्याज, त्रैराशिक, क्षेत्रफळ, खड्ड्यातल्या मातीचं आणि रचलेल्या विटांचं माप असं करत हे पुस्तक शेवटी मांडण्यांच्या प्रकरणाशी येऊन थांबतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजमध्ये ती हमखास गाळली जाते. हे सगळं भास्कराचार्यांनी शून्यातून शोधलं, असं नाही. निवडींची संख्या काढण्याचा नियम त्यांच्या सुमारे तीनशे वर्षं आधी महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त आहे. छंदांतल्या लघु-गुरूंची मोजणी त्याहून कितीतरी जुनी, पिंगलापासूनची. आपण ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांच्या बीजगणितांचं सार काढलं, हे भास्कराचार्यांनी स्वतःच ‘बीजगणिता’च्या शेवटी सांगितलं आहे. त्यांचं मोठेपण मांडणीत आहे : नियम दोन ओळींत, लगेच उदाहरण, आणि उदाहरण असं की ते विसरता येत नाही.

राजवाड्याचे आठ झरोके आणि मोबाइलचं 255

निवडीचं गणित लीलावतीत पुस्तकाच्या मध्येच, मिश्रव्यवहाराच्या प्रकरणात येतं. प्रश्न असा : कुशल कारागिराने बांधलेल्या राजवाड्याला आठ झरोके आहेत. कधी एकच उघडायचा, कधी कुठलेही दोन, कधी तीन, अशा एकूण किती तऱ्हा होतील?

त्यांची रीत कागदावर करून पाहण्यासारखी आहे. वरच्या ओळीत 8 पासून उतरते अंक लिहायचे, खाली 1 पासून चढते. मग एकेका जोडीने गुणत-भागत जायचं. 8 भागिले 1 म्हणजे 8; हे एक झरोका उघडण्याचे पर्याय. 8 ला 7 ने गुणून 2 ने भागलं की 28. हे दोन झरोक्यांचे. 28 ला 6 ने गुणून 3 ने भागलं की 56. त्यापुढे 70, मग पुन्हा 56, 28, 8 आणि सगळे उघडण्याचा 1. बेरीज 255.

हाच आकडा दुसऱ्या वाटेनेही निघतो. प्रत्येक झरोका एक तर उघडा, नाही तर बंद. दोन पर्याय आठ वेळा गुणले की 256, त्यातून सगळे बंद असण्याचा एक वजा केला की 255. इंजिनीअरिंग केलेल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. मोबाइलच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांचा असतो आणि प्रत्येक रंगाची तीव्रता साधारणपणे 0 ते 255 मध्ये मोजतात, कारण त्यामागेही आठ उघड-बंद जागाच असतात. म्हणून भास्कराचार्यांनी कॉम्प्युटर ओळखला होता असं नाही. आठ वस्तूंच्या उघड-बंदचं उत्तर कुठल्याही शतकात तेवढंच येतं, इतकाच याचा अर्थ.

आणखी एक उदाहरण स्वयंपाकघरातलं आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट अशा सहा रसांपासून किती वेगवेगळ्या चवी? एकेक रस घेतला तर 6, दोन-दोन घेतले तर 15, तीन-तीन 20, मग 15, 6 आणि सहाही एकत्र 1. एकूण 63. आयुर्वेदात सुश्रुतसंहितेने रसांचे भेद 63 च दिले आहेत. इथे मोजणीचा खरा उपयोग कळतो. यादी करणाऱ्या वैद्याला एकेक मिश्रण आठवून लिहिता येईल, पण यादी पूर्ण झाली की नाही हे त्याला कशावरून समजणार? 61 मिश्रणं लिहून झाली असतील, तर दोन राहिली आहेत, एवढं हा आकडा सांगतो. छंदशास्त्र, शिल्पशास्त्र आणि वैद्यक अशा तिन्ही ठिकाणी हा नियम कामाला येतो, याची नोंद भास्कराचार्यांनी केलेली आहे. तिन्ही धंदे यादी करणाऱ्यांचेच.

अंकपाश म्हणजे काय?

मांडण्यांचं प्रकरण लीलावतीत शेवटी आहे आणि त्याचं नाव अंकपाश. दिलेले अंक जागा बदलत राहिले, तर किती संख्या होतील? नियम तोच, आज ज्याला फॅक्टोरियल म्हणतात तो : जागा जितक्या, तितक्यापर्यंतच्या अंकांचा गुणाकार.

पण भास्कराचार्य तेवढ्यावर थांबत नाहीत. तयार झालेल्या सगळ्या संख्यांची बेरीज किती, हेही ते विचारतात. त्यांच्या उदाहरणातले अंक 3, 9 आणि 8 घेऊ. मांडण्या सहा : 398, 389, 938, 983, 839, 893. आता या न लिहिताच बेरीज काढायची आहे. एककाच्या जागी प्रत्येक अंक बरोबर दोनदा येतो. तिन्ही अंकांची बेरीज 20, दोनदा म्हणजे 40. दशकाच्या आणि शतकाच्या जागीही तेच घडतं. म्हणून 40 अधिक 400 अधिक 4000, एकूण 4440.

ही नुसती करामत वाटेल, पण हिचाही यादीसाठी उपयोग करून घेता येतो. समजा तुम्ही सहाऐवजी पाचच संख्या लिहिल्या आणि त्यांची बेरीज 3547 आली. 4440 मधून ती वजा केली की 893 उरतात. एक संख्या राहिली एवढंच नाही, तर कुठली राहिली हेही कळलं. पुढच्या उदाहरणात ते 2 ते 9 असे आठ अंक देतात. मांडण्या 40,320 आणि त्यांची बेरीज 24,63,99,99,75,360. बाराव्या शतकातल्या विद्यार्थ्याला हे उत्तर काही ओळींच्या हिशेबात मिळत होतं.

मग देव येतात. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, साप, डमरू, त्रिशूळ, धनुष्य, बाण अशा दहा वस्तू आहेत. हातांत त्यांची अदलाबदल केली तर किती रूपं? उत्तर 36,28,800. दर मिनिटाला एक याप्रमाणे न झोपता मूर्ती घडवत बसलं, तरी 2520 दिवस, म्हणजे जवळजवळ सात वर्षं लागतील. विष्णूचे हात चार आणि वस्तूही चार : शंख, चक्र, गदा, पद्म. रूपं 24. संध्या करताना केशव, नारायण, माधव अशी जी 24 नावं घेतात, ती याच 24 रूपांची. कुठल्या हातात काय आहे, यावरून मूर्तीचं नाव ठरतं. म्हणजे मूर्तिशास्त्राने यादी पूर्ण केलेली आहे, एकही रूप सुटलेलं नाही. शंकराच्या बाबतीत तशी यादी कोणी करायला घेतली नाही, हे शहाणपणाचंच म्हणायचं.

तुमच्या पिनशी याचा काय संबंध?

चार आकडी पिनचे एकूण पर्याय 10,000. पण समजा फोनच्या पडद्यावर नेमक्या चार आकड्यांवर बोटांचे डाग दिसत आहेत. मग पर्याय उरतात फक्त 24. विष्णूच्या रूपांइतकेच.

डाग दोनच आकड्यांवर असतील, समजा 1 आणि 2 वर, तर? दोन्ही अंक दोन-दोनदा आले असतील तर किती मांडण्या होतात, हे लीलावतीतलंच उदाहरण आहे : 2, 2, 1, 1. नियम असा की आधी सगळे अंक वेगळे समजून मांडण्या काढायच्या, म्हणजे 24, आणि मग सारख्या अंकांच्या आपसांतल्या अदलाबदलीने भागायचं. दोन 2 आपसांत बदलले तरी संख्या तीच राहते, म्हणून 2 ने भागा. दोन 1 साठी पुन्हा 2 ने. उत्तर 6. याशिवाय एक अंक तीनदा आणि दुसरा एकदा येण्याच्या 4 आणि 4 मांडण्या. एकूण 14.

आणि तीन डाग असतील तर? 24 आणि 14 च्या मधला काहीतरी आकडा, असं बहुतेक जण सांगतील. उत्तर आहे 36. चार डागांपेक्षाही जास्त! कारण तीनपैकी कुठला अंक दोनदा आलाय, हे डाग बघून कळत नाही. आधी त्याची निवड, तीन पर्याय. मग मांडणी : 24 ला 2 ने भागून 12. तीन गुणिले बारा, 36. आधी निवड आणि मग मांडणी, अशी दोन्ही प्रकरणं एकाच गणितात लागतात. परीक्षेत अडवणारी बहुतेक गणितं याच जातीची असतात. म्हणून सूत्राकडे धावण्याआधी दोन गोष्टी सुट्या कराव्यात : मी आत्ता काय निवडतोय आणि काय मांडतोय?

(पिन बदलायला घेतला असेल तर एवढं लक्षात असू द्या, की 36 हाही फार मोठा आकडा नाही. पडदा पुसलेला बरा.)

अंकपाशातलं शेवटचं उदाहरण सर्वांत देखणं आहे. पाच आकडी अशा किती संख्या, ज्यांच्या अंकांची बेरीज 13 येते? शून्य वापरायचा नाही. नागपूरकरांसाठी संत्र्यांनी सांगतो. 13 संत्री एका रांगेत ठेवा आणि पाच मुलांना वाटा, प्रत्येकाला किमान एक. रांगेत संत्र्यांच्या मधल्या फटी 12. त्यातल्या चार फटींत काड्या ठेवल्या की पाच वाटे पडले. म्हणजे प्रश्न उरला 12 मधून 4 निवडण्याचा : 12 × 11 × 10 × 9 भागिले 1 × 2 × 3 × 4. उत्तर 495. भास्कराचार्यांचा नियम नेमका हाच गुणाकार-भागाकार सांगतो. बेरीज किती मोठी चालेल याची अटही ते घालून देतात, कारण एका जागी 9 पेक्षा मोठा अंक मावत नाही. अट सांगायला न विसरणारा शिक्षक विद्यार्थ्याच्या किती कामाचा असतो, हे परीक्षा दिलेल्या कोणालाही विचारा.

लीलावती त्यांची मुलगी होती का?

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी : लीलावती भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर मोजला जात होता; तिच्या दागिन्यातला मोती त्यात पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला आणि दुःखी मुलीसाठी बापाने हे पुस्तक लिहिलं. ही गोष्ट अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी अनुवादात आढळते. म्हणजे पुस्तकानंतर 437 वर्षांनी. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. पुस्तकातले प्रश्न कुठे लीलावती नावाच्या मुलीला विचारलेले आहेत, कुठे मित्राला, तर कुठे व्यापाऱ्याला. त्यामुळे मुलीची कथा आख्यायिका म्हणून वाचावी. मनाला चटका लावणारी आहे, पण तिच्यामुळे अंकपाश झाकला गेला.

भास्कराचार्य पुढेही लिहीत राहिले. ‘सिद्धान्तशिरोमणी’वर त्यांनी स्वतःच टीका लिहिली. 61 ला एका पूर्ण वर्गाने गुणून 1 मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या त्यांनी चक्रवाल रीतीने ‘बीजगणिता’त काढून दाखवली आहे, सर्वांत लहान उत्तर 22,61,53,980. हाच प्रश्न 1657 मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून टाकला होता. पंचांगाच्या हिशेबासाठी लिहिलेल्या ‘करणकुतूहला’चा आरंभकाल शके 1105, म्हणजे 1183. तेव्हा ते 69 वर्षांचे होते.

पाटणच्या दगडावर काय कोरलंय?

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण आहे, आज गौताळा-औट्रम घाट अभयारण्याला लागून असलेलं पाटणादेवीचं ठिकाण. मुंबईचे डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी तिथल्या देवीच्या मंदिरातला एक शिलालेख 1865 च्या सुमारास अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ या दगडावर आहे. त्रिविक्रमापासून सुरू होऊन ती महेश्वर, भास्कर, भास्करांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव इथवर येते. लक्ष्मीधराची विद्वत्ता पाहून यादव राजा जैत्रपालाने त्याला आपल्या दरबारी नेलं. चांगदेव हा जैत्रपालाच्या मुलाचा, सिंघणाचा ज्योतिषी. यादवांचं राज्य पुढे आपल्या भागापर्यंत पोचलं होतं. रामटेकच्या लक्ष्मण मंदिरातला शिलालेख यादव राजा रामचंद्राच्या काळातला आहे.

चांगदेवाने पाटणला 1207 मध्ये एक मठ काढला. उद्देश एकच : आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ तिथे शिकवले जावेत. हाताने नकला करण्याचा तो काळ. शिकवणारा आणि शिकणारा नसेल, तर पुस्तक दोन-तीन पिढ्यांत संपायचं. अनेकांची तशी संपलीही. लीलावती टिकली. 1545 मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तिच्यावर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहून नियमांमागची कारणं उलगडली. फैजीचा अनुवाद त्यानंतरचा, आणि 1816-17 मध्ये टेलर व कोलब्रुक यांनी ती इंग्रजीत नेली.

मठ काढणं सोपं होतं, चालवायचा कसा हा प्रश्न होता. त्याची तरतूदही त्याच दगडावर आहे. शिलालेखाचा बराचसा भाग संस्कृत श्लोकांत आहे, पण शेवटच्या ओळी मराठीत आहेत, त्या काळच्या बाजारात बोलली जाणारी मराठी. वंशाचं कौतुक संस्कृतात आणि पैशाचा हिशेब लोकांना कळेल अशा भाषेत. पाटणच्या बाजारात माल विकला गेला की गिऱ्हाइकाकडून राजाला जो हिस्सा मिळायचा, तो मठाला द्यायचा. आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे मठाला पळीभर तेल.